घाटात पॉवर स्टिअरिंग गेलं तर: जुनी व्हॅन सुखरूप खाली कशी आणायची

जुन्या व्हॅनचं पॉवर स्टिअरिंग गेलं की चालक दोनपैकी एक चूक करतात. काही जण घाबरून चालत्या गाडीतच चावी फिरवतात. बाकीचे ‘जड झालंय, ओढून नेऊ’ म्हणत बोनेट न उघडता तसेच पुढे निघतात. मला काळजी या दुसऱ्यांची जास्त वाटते. स्टिअरिंग जड होणं हे लक्षण आहे, त्यामागचं कारण कधी कधी ब्रेकपर्यंत पोचलेलं असतं आणि ते पुढच्या उतारावर कळतं. म्हणून आधी कारण शोधा, जोर नंतर लावा.

हा लेख इंजिनवर पट्ट्याने फिरणाऱ्या ऑइलच्या पंपावर चालणाऱ्या पॉवर स्टिअरिंगबद्दल आहे. जुन्या आठ ते सतरा आसनी डिझेल व्हॅन, सुमो, क्वालिस या वर्गातल्या गाड्यांत पॉवर स्टिअरिंग असेल तर बहुधा तेच असतं. बॅटरीवर चालणाऱ्या स्टिअरिंगचं तंत्र वेगळं असतं.

१. आधी एवढं समजून घ्या

स्टिअरिंगपासून पुढच्या चाकांपर्यंतची जोडणी लोखंडाची आहे. पंप फक्त तुमच्या हाताला जोर देतो. तो बंद पडला तरी चाकं वळतात, पण खूप जड वळतात आणि गाडी जितकी हळू तितकी जास्त जड. ताशी चाळीसला हाताला जेमतेम जाणवणारा फरक पार्किंगमध्ये खांदे भरून आणतो.

‘ओम्नीला कुठे पॉवर होतं? ती फिरायचीच की’, असं म्हणणारे भेटतात. ओम्नी हलकी होती आणि तिचं स्टिअरिंग हाताच्या ताकदीचा विचार करूनच बनवलेलं होतं. पॉवरच्या गाडीचा स्टिअरिंग बॉक्स (स्टिअरिंगचं फिरणं चाकांकडे पोचवणारी पेटी) पंपाची मदत धरून बनवतात, आणि पंप मेला की बॉक्समधलं ऑइल ढकलायचं कामही तुमच्याच हातांवर येतं. शिवाय पंप बंद असताना स्टिअरिंग थोडं मोकळं फिरतं आणि मगच चाकं धरतं. सरळ रस्त्यावर गाडी डुलल्यासारखी वाटते ती यामुळे.

२. गाडीत कायम काय असावं

घाटात दुकान नसतं, म्हणून हे सामान गाडीतच ठेवा:

- पॉवर स्टिअरिंगचा आणि अल्टरनेटरचा (बॅटरी चार्ज करणाऱ्या भागाचा) एकेक जादा बेल्ट. नवा बसवताना काढलेला जुना बेल्ट धड असेल तर तोही जपून ठेवा, अडीअडचणीला तो गॅरेजपर्यंत नेतो.
- एक लिटर ऑइल, पण तुमच्या गाडीला चालणारंच. बऱ्याच जुन्या गाड्यांत लाल रंगाचं एटीएफ (ऑटोमॅटिक गियरबॉक्सचं ऑइल) असतं, पण सगळ्यांत नसतं. बोनेटखालच्या पॉवर स्टिअरिंगच्या ऑइलच्या डबीच्या झाकणावर किंवा गाडीच्या पुस्तकात लिहिलेलं असतं.
- फनेल, दोन-तीन होज क्लिप, १० ते १७ नंबरचे पाने, हातमोजे, डोक्याला बांधायची बॅटरी.
- पाच लिटर पाणी, हवा मोजायचा गेज, परावर्तक त्रिकोण, चाकाला लावायचे दोन लाकडी ठोकळे.

एक सरावही करून ठेवा. रिकाम्या सपाट मैदानात इंजिन बंद करा, चावी ‘ऑन’वर राहू द्या आणि दोघांना गाडी मागून ढकलायला सांगा. चालण्याच्या वेगात स्टिअरिंग फिरवून बघा. मग ब्रेक चार-पाच वेळा दाबा. पेडल दगडासारखं होतं, पण दोन्ही पायांची ताकद लावल्यागत दाबलं की गाडी थांबते. हा अनुभव पहिल्यांदा मैदानात यावा, वळणावर नको.

> सावधान: ब्रेक ऑइल पॉवर स्टिअरिंगच्या डबीत कधीही ओतू नका. ‘ऑइल ते ऑइल’ म्हणून ओतलेल्या पावशेराने सील फुगतात आणि बेल्टपुरतं असलेलं काम पंप आणि बॉक्स बदलण्यापर्यंत जातं.

३. स्टिअरिंग जड झालं त्या क्षणी

हाच क्रम ठेवा:

1. दोन्ही हात स्टिअरिंगवर, घड्याळातल्या नऊ आणि तीनच्या जागी. अंगठे आत न अडकवता कडेवर ठेवा. पंपाची मदत गेली की खड्ड्याचा धक्का थेट हाताला बसतो आणि आत अडकलेला अंगठा मुरगळतो.
2. अॅक्सिलरेटर सोडा. गाडी गियरमध्येच राहू द्या, न्यूट्रल करू नका.
3. चावीला हात लावू नका. इंजिन चालू असेल तोवर ब्रेकचा बूस्टर (पायाच्या दाबाला जोर देणारा भाग) बहुधा चालू असतो. इंजिन बंद झालं की दोन-तीन दाबांपुरतीच मदत शिल्लक राहते. चावी ‘लॉक’पर्यंत जाऊन निघाली तर स्टिअरिंगच लॉक होतं, आणि मग कितीही ताकद लावून ते फिरत नाही.
4. इंजिन आपोआप बंद पडल्यामुळेच स्टिअरिंग जड झालं असेल (हे बरेचदा होतं आणि चालकाच्या लक्षातच येत नाही), तर चावी ‘ऑन’वर ठेवून गियरमध्येच क्लच सोडून इंजिन उचला. ते जमत नसेल तर ब्रेक एकदाच, घट्ट आणि सलग दाबा. पुनःपुन्हा दाबून शिल्लक मदत संपवू नका.
5. धोक्याचे दिवे लावा, डावीकडे या, सरळ आणि दोन्ही बाजूंनी दिसेल अशा जागी थांबा. वळणाच्या पोटात थांबू नका, दोनशे मीटर पुढे जावं लागलं तरी चालेल.
6. थांबल्यावर हॅन्डब्रेक, पहिला गियर (तोंड उताराकडे असेल तर रिव्हर्स), चाकाला ठोकळा. त्रिकोण पन्नास पावलं मागे, आणि मागे वळण असेल तर वळणाच्या पलीकडे. प्रवासी कठड्याच्या आत, गाडीपासून लांब.

थांबल्यावर मात्र इंजिन बंद करा. धूर, जळका वास किंवा तापमानाचा काटा वर दिसला तर क्षणभरही चालू ठेवू नका. गळणारं स्टिअरिंग ऑइल तापलेल्या एक्झॉस्टवर पडलं तर पेट घेऊ शकतं.

४. बोनेट उघडा: कारण कोणतं?

बहुतेक लोक ही पायरी गाळतात, आणि मला सगळ्यात जास्त सांगायचं आहे ते इथेच. दहा मिनिटं लागतात. काही व्हॅनमध्ये इंजिन सीटखाली असतं, तिथे सीट उचलून झाकण काढावं लागतं. सोबत्यांचा ‘चला हो, निघू या’ हा आग्रह इथे ऐकू नका.

*आधी चाकं.* पुढचं टायर बसलं असेल तरी स्टिअरिंग जड होतं आणि गाडी एका बाजूला ओढते. दोन्ही बाजूंना सारखंच जड असेल तर बहुधा पॉवरच गेलं आहे.

*मग जोडणी.* एकाने स्टिअरिंग डावी-उजवीकडे थोडं हलवायचं, दुसऱ्याने वाकून चाकांकडे बघायचं. स्टिअरिंग फिरतंय पण चाक हलत नाही, एकच चाक हलतंय, खटखट आवाज येतोय किंवा मध्येच अडकतंय, यातलं काहीही दिसलं तर स्टिअरिंग आणि चाकांमधल्या जोडणीतला एखादा भाग (टाय रॉड, बॉल जॉइंट, कॉलमचा जॉइंट किंवा बॉक्स) गेला आहे. अशी गाडी एक फूटही चालवायची नाही. क्रेन बोलवा.

*मग बेल्ट.* हे इंजिन बंद असतानाच बघायचं. बेल्ट तुटलाय, सुटलाय, की सैल झालाय? पट्ट्याच्या मधोमध अंगठ्याने दाबलं तर साधारण एक सेंटिमीटर दबावा. खूप जास्त दबला तर तो पुलीवर घसरतोय.

बेल्ट तुटला असेल तर पुढचा प्रश्न विचाराच: तो बेल्ट आणखी काय फिरवत होता? त्याच पट्ट्यावर अल्टरनेटर असेल तर बॅटरीचा लाल दिवा लागलेला असेल. पाण्याचा पंपही त्यावर असेल तर काही किलोमीटरांत इंजिन तापेल. आणि अनेक जुन्या डिझेल गाड्यांत ब्रेकच्या बूस्टरला निर्वात देणारा व्हॅक्यूम पंप अल्टरनेटरच्या पाठीलाच बसवलेला असतो. म्हणजे वरवर स्टिअरिंग गेलेलं दिसतं, प्रत्यक्षात ब्रेकची मदतही गेलेली असते. सपाटीवर हे कळत नाही, तिसऱ्या-चौथ्या वळणावर कळतं.

> तपासा: इंजिन बंद ठेवून ब्रेक चार-पाच वेळा दाबा, पेडल कडक होईल. पाय दाबूनच ठेवा आणि इंजिन सुरू करा. पेडल थोडं खाली गेलं तर बूस्टर चालू आहे. जागचं हललं नाही तर बूस्टर मेला आहे, ती गाडी उतारावर न्यायची नाही. (धूर किंवा ऑइलची गळती असेल तर ही तपासणी करू नका, इंजिन सुरूच करायचं नाही.)

अमेरिकेत जुनी मोठी व्हॅन चालवणाऱ्या मराठी मंडळींनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. तिथल्या काही जड व्हॅनमध्ये ब्रेकचा बूस्टरच पॉवर स्टिअरिंगच्या पंपावर चालतो. पंप गेला की दोन्ही जातात.

*शेवटी ऑइल.* डबीत पातळी बघा. ऑइल आहे पण त्यात फेस आहे, म्हणजे हवा शिरली आहे. त्याआधी पंप कण्हल्यासारखा आवाज करत होता का ते आठवा. डबी रिकामी असेल तर गळती कुठे आहे ते शोधा. ऑइल लाल असेल तर शोधणं सोपं जातं, काळं इंजिन ऑइल वेगळं ओळखू येतं.

डबीकडे परत येणारा पाइप कमी दाबाचा असतो. त्याचं टोक फाटलं असेल तर फाटलेला तुकडा कापून, पाइप पुढे ओढून नवी क्लिप लावता येते. पंपातून बॉक्सकडे जाणारा पाइप मात्र भयंकर दाबाचा असतो. त्याला ट्यूबची पट्टी, एमसील, चिकटपट्टी यातलं काहीही टिकत नाही. इंजिन चालू ठेवून त्या पाइपवर हात फिरवून गळती शोधू नका, बारीक भोकातून येणारी धार कातडीत शिरते.

५. जायचं की क्रेन बोलवायची?

गाडी हलवायची नाही:

- जोडणीत काही ढिलं किंवा अडकलेलं असेल
- ब्रेकचा बूस्टर चालत नसेल
- पाण्याच्या पंपाचा बेल्ट नसेल
- ऑइल एक्झॉस्टवर पडत असेल
- मदत मध्येच येत-जात असेल

शेवटच्या मुद्द्याकडे लोक दुर्लक्ष करतात, कारण ‘निदान अधूनमधून तरी चालतंय’ असं वाटतं. अधूनमधून चालणारं पॉवर पूर्ण गेलेल्यापेक्षा वाईट. मी हे कुंभार्ली घाटात शिकलो. ऐन पावसाळ्यात कोयनानगरहून चिपळूणकडे उतरत होतो. रस्त्यावरच्या पाण्यातून गाडी गेली, सैल बेल्ट भिजून घसरायला लागला आणि स्टिअरिंग जड झालं. मी सगळी ताकद लावून उजवीकडे ओढत असतानाच बेल्टने पकड घेतली. एकदम लोण्यासारखं हलकं झालेलं स्टिअरिंग माझ्याच जोराने फिरलं आणि गाडी समोरून येणाऱ्यांच्या बाजूला गेली. त्या क्षणी तिथे कुणी नव्हतं, म्हणून आज हे लिहितोय. आठ दिवस आधी थंड इंजिनवर बेल्ट किंचाळत होता, आणि मी तो घट्ट करून घेतला नव्हता.

म्हणून मदत ये-जा करत असेल तर बेल्ट ताणा, ऑइल भरा आणि उभ्या गाडीत दोन-तीन मिनिटं तपासा. तरीही भरवसा वाटत नसेल आणि पंपाचा बेल्ट स्वतंत्र असेल तर तो काढूनच टाका. सतत जड असलेलं स्टिअरिंग निदान अंदाजात राहतं.

पंपातलं ऑइल संपलं असेल तेव्हाही स्वतंत्र बेल्ट काढावा, कारण कोरडा पंप फिरत राहिला की जाम होतो. एकाच लांब बेल्टवर सगळं असेल तर तो काढता येत नाही. अशा वेळी डबी भरत, दर काही किलोमीटरला थांबून पातळी बघत जवळच्या गॅरेजपर्यंत जायचं. भरलेलं लगेच गळत असेल तर जायचंच नाही.

राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३, इतरत्र जिवाला धोका असेल तर ११२. घाटात दोरी बांधून ओढून नेऊ नका. इंजिन बंद असलेल्या गाडीचं स्टिअरिंगही जड आणि ब्रेकही जड, त्यात पुढे दोरी.

६. निघायचं ठरलं तर

पुढच्या टायरांत दारावरच्या पट्टीवर लिहिली आहे तेवढी हवा पूर्ण आहे ना ते बघा. पुढे ठेवलेलं जड सामान मागे न्या, टपावर नको. शक्य असेल तर प्रवाशांना दुसऱ्या गाडीने पाठवा, आणि एक जाणता माणूस सोबत ठेवा.

सीट एक खाच पुढे घ्या. पाठ टेकलेली असताना मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर पोचलं पाहिजे. लांब बसून ओढणारा पाच मिनिटांत थकतो.

रात्र, दाट धुकं किंवा जोराचा पाऊस असेल तर सकाळपर्यंत थांबा.

७. सपाट रस्त्यावर

ताशी ३० ते ४० पुरे. त्याहून जास्त वेगात अचानक वळावं लागलं तर हात पुरे पडत नाहीत.

- उभ्या गाडीत स्टिअरिंग फिरवू नका. आधी चाक जरा गडगडू द्या, मग फिरवा.
- हात एकमेकांवरून टाकू नका. डावीकडे वळताना डावा हात वर नेऊन खाली ओढा, उजवा सरकत खाली येऊ द्या, मग उजव्याने वर ढकला. ओढताना खांद्यांचं वजन कामी येतं.
- वळण सुरू व्हायच्या थोडं आधी फिरवायला लागा, कारण हात नेहमीपेक्षा हळू फिरणार आहेत.
- यू-टर्न आणि रिव्हर्स टाळा. पेट्रोल पंप, हॉटेल, गॅरेज डाव्या हाताचं आणि सरळ बाहेर पडता येईल असं बघा. टोलनाक्यावर रांग लांबूनच धरा.
- दर वीस-पंचवीस मिनिटांनी थांबा. मनगटं आखडली की थांबायला उशीर झालाय असं समजा.

> सावधान: शेजारी बसलेल्याने हात लावून स्टिअरिंग ओढायला मदत करायची नाही. दोघांचा अंदाज जुळत नाही आणि गाडी झटका खाते.

८. घाटात

गाडी बंद करून किंवा न्यूट्रलमध्ये उतार सोडण्याची सवय असेल तर आज ती मोडा. दुसरा गियर धरा, तीव्र उतारावर पहिला, आणि तो उतार सुरू होण्याआधी टाका. मध्येच गियर बदलायला एक हात सुटतो आणि नेमका तेव्हाच खड्डा येतो.

ब्रेक वळणाआधी, सरळ रेषेत. वळणात फक्त स्टिअरिंग. दोन्ही एकत्र करायला गेलात की पुढच्या चाकांवर वजन येऊन ते आणखी जड होतं.

हेअरपिन वळणात (जिथे रस्ता जवळजवळ उलटा फिरतो) लोक फसतात ते डाव्या वळणात. आपण डाव्या बाजूने चालतो, त्यामुळे डावं हेअरपिन आतल्या बाजूचं आणि सर्वांत आखूड असतं. स्टिअरिंग पुरेसं वळत नाही आणि गाडी पसरून समोरच्याच्या वाटेत जाते. त्यासाठी:

1. वळणाच्या आधी, मागच्यांना दिसेल अशा जागी थांबा. धोक्याचे दिवे चालूच असू द्या.
2. सोबत्याने उतरून वळणाच्या कोपऱ्यावर, कठड्याच्या बाजूला उभं राहायचं. समोरून कुणी येत नाही हे बघून हाताने खूण करायची. मोबाइलवर बोलून नाही, घाटात रेंज दगा देते.
3. खूण मिळाल्यावर पहिल्या गियरमध्ये, हॉर्न देत, जरा रुंद घेऊन वळण एका दमात पूर्ण करा. मध्ये थांबलात तर उभ्या गाडीचं स्टिअरिंग फिरवावं लागेल.
4. पुढे सरळ जागी थांबून सोबत्याला घ्या.

दर हेअरपिनला हे करायला वेळ लागतो. लागू द्या. मागे रांग लागली तर रुंद जागा मिळताच बाजूला थांबून सगळ्यांना पुढे सोडा. चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्या, एरवीही घाटाचा तोच नियम आहे.

> तपासा: घाटाच्या मध्यावर एकदा थांबा. चाकांजवळ जळका वास येतोय का? ब्रेकचं पेडल आधीपेक्षा खाली जातंय का? असेल तर ब्रेक तापलेत. अर्धा तास थांबा, चाकांवर पाणी ओतू नका.

९. गॅरेजमध्ये काय करून घ्यायचं

‘स्टिअरिंग जड आहे’ एवढंच सांगून चावी देऊ नका. कारण काय सापडलं, रस्त्यात कोणतं ऑइल किती भरलं, बेल्ट काढला का, हे मिस्त्रीला सांगा. चुकीचं ऑइल गेलं असेल तर लपवू नका. पंप आतून झिजून गेला असेल तर नवा बसवण्याआधी पाइप, डबी आणि बॉक्समधलं ऑइल पूर्ण काढून धुवायला लावा. जुना लोखंडी चुरा नव्या पंपाला खातो, आणि मग दोष नव्या पंपाला दिला जातो.

ऑइल भरल्यावर हवा काढायचं काम घाईत होतं. समोर उभं राहून करून घ्या:

1. पुढची चाकं जॅकवर उचलून खाली स्टँड लावा.
2. इंजिन बंद ठेवून स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पंधरा-वीस वेळा हळू फिरवा. पातळी उतरेल तसं ऑइल भरत राहा.
3. इंजिन सुरू करून पुन्हा तसंच फिरवा. टोकाला पाच सेकंदांपेक्षा जास्त दाबून धरू नका, पंप तापतो.
4. फेस जाईपर्यंत थांबा आणि पातळी पुन्हा बघा.

मग गाडी चालवून बघा. वळणानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ येतं का, दोन्ही बाजूंना सारखं हलकं आहे का, टोकाला बेल्ट किंचाळतो का. नवा बेल्ट थोडा ताणला जातो, त्यामुळे काही दिवसांनी तो पुन्हा घट्ट करून घ्यावा लागतो.

त्या रात्री पंप आणि स्टिअरिंग बॉक्सच्या खाली एक मोठा पुठ्ठा पसरून गाडी लावा. सकाळी त्यावर एक थेंब जरी दिसला तरी घाटाकडे न जाता गाडी परत गॅरेजला न्या.